हरवलेला मोबाईल : तो कसा सांपडतो आणि केव्हां सांपडत नाहीं

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशींची गोष्ट. वसतिगृहांतील एका विद्यार्थ्यास पोंचविण्याकरितां त्याचे वडील एस. टी. नें आले होते. फाटकाशीं उतरून खिशांत हात घालतात तों मोबाईल नाहीं! तालुक्याच्या गांवीं गाडी बदलतांना मोठी गर्दी होती. तेथें तो पडला कीं कोणी काढून घेतला, हें त्यांस सांगतां येईना. त्यांचा चेहरा इतका उतरला कीं, आम्हीं प्रथम त्यांस पाणी दिलें व कार्यालयांत बसविलें. फोन चौदा हजारांचा होता; परंतु त्यांचें दुःख पैशांचें नव्हतें. त्यांची आई त्याच उन्हाळ्यांत वारली होती, आणि तिनें नातवासाठीं म्हटलेल्या दोन ओव्या त्या फोनांत सांठविलेल्या होत्या. त्यांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती.

पुढील दोन तासांत जें घडलें त्यावरून, आणि मागाहून आम्हीं जी माहिती मिळविली तिजवरून, हा लेख लिहिला आहे. मोबाईल नाहीं असें घर आतां विरळा. आणि आपला फोन कधींच हरवणार नाहीं अशी खात्री बाळगणारा मनुष्य तर आमच्या पाहण्यांत नाहीं.

आमचा पहिला उपाय सर्वांचा असतो तोच. दुसऱ्या फोनवरून त्या क्रमांकावर फोन केला. घंटा वाजत होती. कोणी उचलीत नव्हतें. आमच्यापैकीं एक शिक्षक म्हणाले, "वाजवीतच राहा." ही चूक होती, असें आतां वाटतें. फोन प्रामाणिक मनुष्याच्या हातीं पडला असेल तर दोन-तीन वेळां वाजविणें पुरे. चोराच्या हातीं असेल तर प्रत्येक घंटा त्यास तो बंद करण्याची आठवण देते. इतक्यांत त्या मुलास आठवलें कीं, फोन विकत घेतला तेव्हां गूगलचें खातें त्यानेंच उघडून दिलें होतें, आणि त्याचा परवलीचा शब्द त्याच्या वहींत होता. कार्यालयांतील संगणकावर तें खातें उघडलें व 'फाइंड हब' नांवाच्या सोयींत गेलों. (ही सोय गूगलनें २०१३ सालीं दुसऱ्या नांवानें सुरू केली, हें नांव तिला २०२५ सालीं मिळालें. ॲपल कंपनीच्या फोनांत तशीच सोय २००९ पासून आहे.) क्षणभरानें नकाशावर एक ठिपका उमटला. एस. टी. स्थानकाच्या मागें एक गल्ली आहे, तेथें तो होता.

मुलांचा एकच गलका झाला. "सर, आपण चौघेजण आत्तांच जाऊं या. घर तर समोर दिसतें आहे!" त्यांस खालीं बसवून आम्हीं विचारलें, "हा ठिपका काढला कोणी?"

"उपग्रहानें," असें उत्तर आलें. पुष्कळ मोठ्या माणसांचीही समजूत अशीच आहे कीं, आकाशांतून उपग्रह खालीं पाहत असतो आणि आपला फोन कोठें आहे तें त्यास दिसतें. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. उपग्रहास आपला फोन ठाऊकच नसतो.

वसईच्या बाजूस चर्चें एकमेकांपासून फार दूर नाहींत. कल्पना करा कीं, तेथील तीन चर्चांच्या घंटा बरोबर बारा वाजतां, एका क्षणाचाही फरक न पडतां, वाजल्या. आणि तुम्ही मधल्या एका शेतांत दाट धुक्यांत उभे आहां. दिसत कांहींच नाहीं, पण हातांत बिनचूक घड्याळ आहे. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. पहिली घंटा बारा वाजून तीन सेकंदांनीं ऐकूं आली, तर तें चर्च सुमारें १,०२० मीटरांवर, दुसरी पांच सेकंदांनीं आली, तर तें १,७०० मीटरांवर, तिसरीचेंही तसेंच. मग कागदावर त्या तीन चर्चांभोंवतीं तेवढ्या तेवढ्या त्रिज्येचीं वर्तुळें काढा. तिन्ही जेथें एकत्र छेदतील तेथें तुम्ही उभे आहां. घंटा वाजविणाऱ्यास मात्र तुम्ही त्या शेतांत आहां याची गंधवार्ताही नसते.

अमेरिकेच्या जी. पी. एस. पद्धतीचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून अशाच घंटा अहोरात्र वाजवीत असतात. फरक इतकाच कीं, त्या ध्वनीच्या नसून रेडिओलहरींच्या आहेत. त्या लहरी सेकंदास सुमारें ३,००,००० किलोमीटर धांवतात. म्हणून डोक्यावरच्या उपग्रहापासून पृथ्वीवर येण्यास त्यांस सेकंदाचा पंधरावा भाग पुरतो. येथें घड्याळ सेकंदाच्या दहालक्षाव्या भागानें चुकलें तरी अंतरांत ३०० मीटरांची चूक पडते. फोनांतील साधें घड्याळ इतकें बिनचूक नसतें. म्हणून तिहींऐवजीं चार उपग्रह घ्यावे लागतात, आणि चौथ्यावरून त्या घड्याळाची चूक काढितां येते. वरच्या वर्गांतील मुलांस येथेंच एक गोष्ट सांगावीशी वाटते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतासिद्धान्ताप्रमाणें त्या उपग्रहांवरील घड्याळें पृथ्वीवरील घड्याळांहून दररोज सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात. ही चूक आधींच सुधारून ठेविलेली नसती, तर एका दिवसांतच दहा किलोमीटरांहून अधिक घोंटाळा झाला असता. आपल्या देशाची 'नाविक' ही पद्धतिही याच तत्त्वावर चालते.

तेव्हां फोन आपलें स्थान आपणच शोधून काढतो, आणि मग तें खात्यास कळवितो. कळविण्यास बॅटरींत जीव हवा, इंटरनेट चालू हवें, खातें त्या फोनांत उघडलेलें हवें, आणि स्थान कळविण्याची परवानगी आधींच दिलेली हवी. यांतील एक दुवा तुटला कीं नकाशावर उरतो तो शिळा ठिपका. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे; मध्यरात्रीं वर आल्याची हांक ऐकून तेल विकत आणण्यास धांवलेल्या पांच जणींचें काय झालें, तें त्यांस सांगावयास नको. फोन गेल्यावर ही सोय कशी सुरू करावी, असें विचारीत येणाऱ्यांची गति तशीच होते.

अलीकडे एक नवी युक्ति निघाली आहे. फोनाचें इंटरनेट तुटलें असलें तरी तो ब्लूटूथच्या क्षीण लहरींनीं आपली खूण आसपास सांगत राहतो, आणि जवळून जाणारे अनोळखी लोकांचे फोन ती खूण मालकाच्या खात्याकडे पोंचवितात. त्या लोकांस याचा पत्ताही लागत नाहीं. ॲपलनें ही सोय २०१९ सालीं व गूगलनें २०२४ सालीं सुरू केली. दादर स्थानकासारख्या गजबजलेल्या ठिकाणीं तिचा चांगला उपयोग होतो. माळरानावरील रस्त्यावर, जेथें तासांतून एक मनुष्य जातो, तेथें फारसा होत नाहीं.

आमचा ठिपका वीस मिनिटांनीं शिळा झाला. फोन कोणी तरी बंद केला होता. तत्पूर्वीं एक काम मात्र हातून झालें होतें : त्याच पानावरून फोनास दुरून कुलूप घातलें होतें, आणि पडद्यावर शाळेचा फोन क्रमांक दिसेल असें केलें होतें. त्या पानावर फोन वाजविण्याचीही सोय असते. फोन मुका करून ठेविला असला तरी तो पांच मिनिटें मोठ्यानें वाजतो. घरांत गादीखालीं हरवलेल्या फोनास हा उपाय उत्तम. तिसरी सोय आंतील सर्व मजकूर पुसून टाकण्याची. ती वापरावी असें एकानें सुचविलें. परंतु त्या ओव्यांची आठवण झाली आणि हात आंखडला. शिवाय ॲण्ड्रॉइड फोन एकदां पुसला कीं तो नकाशावर पुन्हां दिसत नाहीं. बँकेचे व्यवहार उघडे पडण्याचें भय असेल तर मात्र मजकुराचा मोह सोडावाच लागतो.

आतां त्या गल्लीविषयीं. मुलांस ठिपका दिसला होता. त्याभोंवतींचें फिकट निळें वर्तुळ कोणींच पाहिलें नव्हतें. त्या वर्तुळाचा अर्थ असा कीं, फोन यांत कोठें तरी असावा. मोकळ्या आकाशाखालीं फोनाचा अंदाज पांचेक मीटरांच्या आंत बरोबर येतो. भिंतीआड, पत्र्याखालीं, पिशवींत तो तितका नेमका राहत नाहीं. मग फोन जवळपासच्या वायफाय यंत्रांवरून किंवा मोबाईलच्या मनोऱ्यांवरून अटकळ बांधतो, आणि मनोऱ्यावरून बांधलेली अटकळ शेंकडों मीटरांनीं, खेड्यापाड्यांत कित्येक किलोमीटरांनींही, चुकूं शकते. आमच्या वर्तुळांत मुलांनीं मोजलीं तेव्हां अकरा घरें निघालीं, आणि एक पिठाची गिरणी.

हें सांगून झाल्यावर आम्हीं त्यांस अमेरिकेंतील डेन्व्हर शहराची हकीकत सांगितली. ती सांगावी कीं न सांगावी, असा प्रश्न मनांत आला होता. परंतु तींतील मुख्य आरोपी त्या वेळीं अवघा सोळा वर्षांचा, म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील मुलांच्याच वयाचा होता. चोरून पिस्तूल विकत घेण्याच्या खटपटींत त्यास लुबाडण्यांत आलें आणि त्याचा फोन गेला. त्यानें ॲपलच्या सोयींत पाहिलें. ठिपका एका घरावर दिसला. सूड उगविण्याकरितां २०२० सालच्या ऑगस्टच्या ५ तारखेस, अपरात्रीं, तो आपल्या दोन सोबत्यांसह तोंडास मुखवटे बांधून गेला आणि तें घर पेटवून दिलें. आंत सेनेगल देशाहून आलेलें एक कुटुंब निजलेलें होतें. पांच माणसें मेलीं; त्यांत एक लहान मुलगी व एक तान्हें मूल होतें. त्या कुटुंबाचा त्या फोनाशीं कांहींएक संबंध नव्हता. आपण भलत्यांचेंच घर जाळलें, हें त्या मुलास बातम्यांवरून कळलें. २०२४ सालीं त्यास साठ वर्षांची शिक्षा झाली.

त्याच शहरांत २०२२ सालच्या जानेवारींत चोरीस गेलेल्या एका मोटारींत राहिलेल्या फोनाचा ठिपका पाहून सशस्त्र पोलिसांनीं ७७ वर्षांच्या एका वृद्ध स्त्रीच्या घराची झडती घेतली. वर्तुळांत इतरही घरें होतीं. तिच्याकडे कांहीं सांपडलें नाहीं. आणि २०२४ सालीं पंचांनीं तिला सदतीस लक्ष डॉलरांहून अधिक भरपाई देवविली. पोलिसांसही ठिपका चकवितो, मग आपली कथा काय?

मुलें गप्प झालीं. कोणीही त्या गल्लींत गेलें नाहीं.

त्या संध्याकाळीं त्यांच्या वडिलांसह आम्ही पोलीस ठाण्यांत गेलों. जाण्यापूर्वीं सिमकार्ड बंद करविलें व बँकेस कळविलें, कारण सिम चालू राहिलें तर पैशांच्या व्यवहाराचे सांकेतिक आंकडे चोराच्याच हातीं पडतात. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. तेथें अर्ध्या तासाचा उशीरही महाग पडतो. ठाण्यांत हवालदारांनीं पहिलाच प्रश्न केला, "आय. एम. ई. आय. नंबर आणला आहे काय?" वडिलांनीं आमच्याकडे पाहिलें, आम्हीं मुलाकडे.

हा क्रमांक सिमचा नव्हे, फोनाच्या यंत्राचा. तो पंधरा अंकांचा असतो, आणि दोन सिमांच्या फोनास असे दोन क्रमांक असतात. फोनावर *#०६# हीं चिन्हें दाबलीं कीं तो पडद्यावर येतो. फोनाच्या खोक्यावर आणि बहुधा विक्रीच्या पावतीवरही तो छापलेला असतो. चोरानें सिम फेंकून दिलें तरी हा क्रमांक यंत्राबरोबरच राहतो, आणि नवें सिम घालतांच फोन तो मनोऱ्यास सांगतो. याच आधारावर सरकारनें एक मध्यवर्ती नोंदवही उघडली आहे, तिला सी. ई. आय. आर. म्हणतात. तिचा पहिला प्रयोग २०१९ सालच्या सप्टेंबरांत महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगरहवेली येथें झाला. २०२३ सालच्या मे महिन्यापासून ती 'संचार साथी' या सोयींतून साऱ्या देशास खुली झाली. पोलिसांतील तक्रारीची प्रत, ओळखपत्र व हा क्रमांक देऊन अर्ज केला कीं, तो फोन देशांतील सर्व कंपन्यांच्या जाळ्यांवर निरुपयोगी केला जातो; आणि कोणी त्यांत सिम घातलेंच तर त्याची खबर पोलिसांकडे जाते. अर्जाच्या वेळीं सांकेतिक आंकडे येतात ते घेण्यास जुन्याच क्रमांकाचें नवें सिम आधीं काढून ठेवावें लागतें. यंत्राचा क्रमांक खोडून बदलणें हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यान्वयें गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लक्ष रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

खोकें केव्हांच टाकून दिलें होतें. दुसऱ्या दिवशीं मुलाची आई पत्र्याच्या पेटींतून पावती शोधून घेऊन आली. पावती यंत्रावर छापलेली, म्हणून शाई उडत चाललेली. चौदा अंक कसेबसे लागले, पण मधला एक, बारावा, घडीवर पार पुसून गेला होता. आतां दहा वेळां दहा निरनिराळे अंक घालून पाहावयाचे कीं काय? येथें गणिताच्या शिक्षकांनीं दहावीच्या दोन मुलांस बोलाविलें.

त्या क्रमांकाचे पहिले आठ अंक फोनाची जात सांगतात, पुढचे सहा त्या एका यंत्राचा अनुक्रम, आणि पंधरावा केवळ पहारा करण्यास असतो. आय. बी. एम. कंपनींतील हान्स पीटर लून यांनीं हा हिशेब बसविला; त्याचा स्वामित्वहक्क त्यांस १९६० सालीं मिळाला. नमुन्यासाठीं ४९०१५४२०३२३७५१८ ही संख्या घेऊं. शेवटचा ८ बाजूस ठेवा. उरलेल्या चौदांतील दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक अंक दुप्पट करा. दुप्पट दोन अंकी आली तर तिच्या अंकांची बेरीज घ्या. ९ ची दुप्पट १८, म्हणून ९. १ ची २. ४ ची ८. ० चें ०. २ ची ४. ७ ची १४, म्हणून ५. १ ची २. एकूण ३०. न बदललेले ४, ०, ५, २, ३, ३ व ५ यांची बेरीज २२. दोन्ही मिळून ५२. पुढचे ६० भरण्यास ८ हवेत. तोच पंधरावा अंक.

आतां समजा, यांतील बारावा अंक, ७, पुसला गेला. बाकीच्यांची बेरीज ४७, पहारेकरी ८ मिळवून ५५. साठास ५ कमी पडतात. दुप्पट करून ज्याच्या अंकांची बेरीज ५ येते असा अंक शोधा : ७ ची दुप्पट १४, १ आणि ४ मिळून ५. दुसरा कोणताही अंक बसत नाहीं. मुलांनीं पावतीवरील संख्येचा हिशेब असाच केला आणि हरवलेला अंक पांच मिनिटांत काढला. मागाहून आम्हांस कळलें कीं, गूगलच्या त्याच पानावर फोनाच्या माहितींत हा क्रमांक दिसूं शकतो. तेथें पाहिलें तों मुलांचा अंक बरोबर निघाला! या पहारेकऱ्याची एक डुलकी मात्र सांगितली पाहिजे. शेजारशेजारचे ९ आणि ० यांची अदलाबदल झाली तर त्यास तें कळत नाहीं. नमुन्याच्या संख्येंत ९० आहे. त्याचें ०९ करून कोणींही पडताळून पाहावें.

अर्ज गेला. आठवड्यानें नव्या सिमवर एक संदेश आला : आपला फोन सांपडला आहे, या दुव्यावर खात्याचें नांव व परवलीचा शब्द भरा. वडील तो घेऊन आनंदानें आमच्याकडे आले. तो चोरांचा सांपळा होता. कुलूप उघडत नाहीं असें दिसलें कीं किल्ली मालकाकडूनच मागून घेण्याची ही रीत आहे. खरे पोलीस परवलीचा शब्द कधींच मागत नाहींत. संदेश पुसून टाकला.

मार्च महिन्यांत ठाण्यांतून बोलावणें आलें. फोन भलत्याच तालुक्यांत एका दुरुस्तीच्या दुकानीं उघडून घेण्यास गेला होता. दुकानदारानें आपलें सिम घालून पाहिलें, आणि तेवढ्यावरून माग लागला. ज्या गल्लींत आमचीं मुलें जाणार होतीं तेथील कोणाचाही त्याच्याशीं संबंध निघाला नाहीं, एस. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या कोणाच्या तरी पिशवींत तो त्या वेळीं असावा. असे किती तरी फोन परत येत नाहींत, हेंही हवालदारांनीं सांगितलें.

कांच फुटली होती. कुलूप मात्र शाबूत होतें. मुलानें कार्यालयांत बसून आधीं त्या दोन ओव्या संगणकावर उतरवून घेतल्या, आणि मग *#०६# दाबलें. वडिलांनीं आमची शाईची लेखणी मागून घेतली व शिधापत्रिकेच्या आंतल्या बाजूस, ठळक अक्षरांत, दोन्ही क्रमांक लिहून घेतले.